सप्टेंबरचा वसंत

वसंत नेमका कधी सुरू होतो, यावर आमच्या नोएडाच्या घरात दरवर्षी वाद व्हायचा. सासूबाई थंडी ओसरली की नाशिकहून आमच्याकडे येत. त्यांच्या हिशेबी वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, दारात गुढी उभी राहिल्याशिवाय त्याचं नावही काढायचं नाही. नवरा म्हणायचा, चैत्रात इथे एसी लावावा लागतो, त्याला वसंत कोण म्हणेल. शेजारी सगळे उत्तरेकडचे. ते वसंत पंचमीला पिवळे कपडे घालून मोकळे व्हायचे, तेव्हा आमच्याकडे रात्री हीटर चालू असायचा. मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात एकवीस मार्च छापलेलं होतं आणि परीक्षेत तेच लिहायचं असल्यामुळे तिच्यापुरता प्रश्न मिटलेला होता.

माझं मत कुणाशीच जुळत नव्हतं. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरी करते. मध्य दिल्लीतल्या एका रुंद, झाडांच्या रस्त्यावर आमची इमारत आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर एक दुपार अशी येते की मेट्रो स्टेशनच्या पायऱ्या चढून वर आलं की स्वेटर नकोसा होतो. गोल चौकांमधल्या वाफ्यांत एका रात्रीत रंग सांडल्यासारखी फुलं दिसतात. सावरीची बिनपानांची झाडं लालबुंद होतात आणि त्यांची जाडजूड फुलं फुटपाथवर धपधप पडत राहतात. त्या दुपारपासून होळीपर्यंत माझा वसंत. मी डबा उचलून बाहेर पडायची आणि कुठल्यातरी हिरवळीवर बसून एकटीच जेवायची. कार्यालयातल्या बायका म्हणायच्या, मॅडमचा सीझन सुरू झाला. दिल्लीने मला गर्दी दिली, धूर दिला, हिवाळ्यात खोकला दिला. त्या बदल्यात हे थोडेसे दिवस मी वसूल करून घेत होते.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत अंघोळ करताना छातीत डाव्या बाजूला गाठ लागली. पुढचं सगळं भराभर झालं. तपासण्या, ऑपरेशन, आणि मग डॉक्टरांनी केमोची तारीख दिली ती नेमकी फेब्रुवारीच्या मध्यातली. आमच्या डॉक्टर पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या बाई आहेत. त्यांनी काय करायचं नाही ते सांगितलं. गर्दीत जायचं नाही, मेट्रो बंद. कच्चं खायचं नाही. मातीत हात घालायचा नाही, आणि खोलीत फुलं ठेवायची नाहीत.

"फुलंसुद्धा नाहीत?" मी विचारलं.

"फूल, गमला, कुछ नहीं. इन्फेक्शन हुआ तो मुसीबत," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर नवऱ्याने गॅलरीतल्या कुंड्या शेजारच्यांकडे नेऊन ठेवल्या. मी सोफ्यावर बसून बघत होते. पेटुनियाला पहिल्या कळ्या आल्या होत्या. त्याने त्या कुंडीवर कापड टाकलं होतं, मला दिसू नये म्हणून. त्या कापडाचा मला जो राग आला, तो गाठीचाही आला नव्हता.

केस गेले ते होळीच्या आधी. सासूबाई या वेळी माझ्यासाठी म्हणून लवकर आल्या होत्या. त्यांनी न बोलता उशीचा अभ्रा रोज बदलायला सुरुवात केली. बंद काचेच्या पलीकडे, नाल्याच्या कडेला एक सावर होती. चौथ्या मजल्यावरून तिचा फक्त शेंडा दिसायचा, लाल. मी पडल्या पडल्या तेवढा बघायचे. उलट्या झाल्या की डोळ्यांना पाणी यायचं आणि तो लाल रंग पसरायचा.

फोन करणारे सगळे एकच गोष्ट सांगत. नणंद म्हणाली, "वहिनी, हे वर्ष काढा. पुढच्या वर्षी सगळं छान होईल." मावशी म्हणाली, पुढच्या वर्षी हुंदडशील. कार्यालयातून आलेल्या मैत्रिणीने दाराबाहेरूनच, मास्कमधून सांगितलं, "अगले साल साथ में खाना खाएंगे, लॉन पे." सगळी मायेचीच माणसं. पण मी डॉक्टरांना विचारलं होतं, पुढच्या वर्षाचं काय, आणि त्या म्हणाल्या होत्या, मी वर्षांचं सांगत नाही, केमोच्या या सायकलचं सांगते. ज्या वर्षाची खात्री खुद्द डॉक्टर देत नव्हत्या, ते वर्ष हे लोक मला प्रसाद वाटावा तसं वाटत होते. एका दुपारी मी नवऱ्याला म्हटलं, "आता कुणी पुढच्या वर्षी म्हणालं तर मी फोन ठेवून देणार."

"अगं, ते चांगल्या मनाने बोलतात."

"मला माहीत आहे. तरी ठेवणार."

आणि ठेवलेही. दोघींचे तर नक्कीच.

मार्चच्या शेवटी धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. ती मेलबर्नला राहते, तिथे एका बँकेत काम करते. केमोमुळे तोंडाला चव नव्हती आणि मी दहीभात चिवडत बसले होते. मुलगी शेजारी गृहपाठ करत होती. बहिणीने फोन खिडकीकडे फिरवला, तर रस्त्यावरची झाडं पिवळी-तांबडी झालेली.

"आमच्याकडे पानगळ सुरू झाली, ताई," ती म्हणाली.

"आमच्याकडेपण," मी म्हटलं, आणि तिला आमची खिडकी दाखवली. दिल्लीत कडुनिंब आणि पिंपळ मार्चमध्येच पानं टाकतात. खाली सोसायटीचा रस्ता पानांनी भरला होता. बहीण हसली. म्हणाली, "हे बरंय. दोघींकडे एकाच वेळी."

मुलगी वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "एक नाही आहे ते, मावशी. आपल्याकडे गळून लगेच नवीन येतात. तुमच्याकडे आता विंटर येणार. सदर्न हेमिस्फियर में सब उलटा होता है. तुमचा स्प्रिंग सप्टेंबरमध्ये."

"हो, एक सप्टेंबर," बहीण म्हणाली. "इथे कॅलेंडरवर एक तारखेलाच सुरू होतो."

"तेवीसला. दिन-रात बराबर, बुक में इक्विनॉक्स लिखा है."

दोघींचं त्यावरून चाललं. पृथ्वी कललेली असते, मार्चनंतर वरचा गोलार्ध सूर्याकडे झुकतो आणि सप्टेंबरनंतर खालचा, हे मुलगी मावशीला हाताच्या मुठी करून समजावत होती. हे मी शाळेत शिकलेच होते. पण चाळीस वर्षांत कधी त्याचा माझ्याशी संबंध आला नव्हता. मी चमचा खाली ठेवला. माझा फेब्रुवारी गेला होता आणि तो कुणी परत देणार नव्हतं. पण त्याच वर्षात, पुढच्या नव्हे, आणखी एक वसंत शिल्लक होता. फक्त तो इथे नव्हता.

"सप्टेंबरमध्ये मी तुझ्याकडे येते," मी बहिणीला म्हटलं.

ती म्हणाली, "ये ना. बरी हो आणि ये."

"बरी होऊन नाही म्हणत मी. सप्टेंबरमध्ये म्हणते."

नवऱ्याला ती आजारी माणसाची लहर वाटली. जूनमध्ये शेवटची केमो झाली, जुलैभर रेडिएशन झालं आणि मी तिकिटं बघायला लागले, तेव्हा त्याने लॅपटॉपवर हात ठेवला. तो भांडखोर नाही. आयटी कंपनीत काम करतो, सगळ्या गोष्टी टप्प्याटप्प्याने करायची त्याला सवय आहे.

"डिसेंबरमध्ये तपासण्या आहेत," तो म्हणाला. "रिपोर्ट चांगला येऊ दे. मग आपण तिघंही जाऊ. मी सुट्टी काढतो."

"आणि नाही आला चांगला तर?"

त्याने लॅपटॉप हळूच मिटला.

"म्हणजे मग जायचं नाही," मी म्हटलं. "बरोबर? चांगला आला तर बक्षीस म्हणून फुलं बघायची, वाईट आला तर परत काचेआड बसायचं. मला हे बक्षीस नको आहे. रिपोर्ट यायच्या आधी जायचंय मला."

"तुझी तब्येत..."

"डॉक्टरांना विचारू. त्या नाही म्हणाल्या तर मी ऐकेन. तुझं नाही ऐकणार."

हे लागेल असंच बोलले मी, आणि त्याला लागलं. दोन-तीन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मला त्याची भीती कळत होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने माझ्या उलट्यांची भांडी धुतली होती, मी पडेन म्हणून बाथरूमच्या दाराशी उभा राहिला होता. त्याला मी त्याच्या नजरेच्या टप्प्यात हवी होते. पण त्याच्या भीतीची सोय करायला मी घरात बसले असते, तर त्या आजाराने माझ्याकडून आणखी एक गोष्ट नेली असती, आणि तीही मी स्वतःच्या हाताने दिलेली.

डॉक्टरांनी माझे कागद चाळले, ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजलेला नाही ना ते पाहिलं, आणि म्हणाल्या, "जाइए. वो टाइट वाली स्लीव पहनके उड़िए, हाथ सूजना नहीं चाहिए. गोलियां मत भूलना." मग चष्म्यावरून बघत विचारलं, "वहां जाके करना क्या है?"

मी म्हटलं, "स्प्रिंग देखना है. यहां का निकल गया."

त्यांनी पेन उचललं. फिट असल्याचं पत्र जरा जास्तच ठणठणीत लिहून दिलं.

ऑगस्टमध्ये मी कामावर रुजू झाले. डोक्यावर बोटाच्या पेराएवढे केस आले होते, उभे, मऊ आणि आधी कधी नव्हते तितके काळे. नणंदेने विग पाठवला होता. चांगला, खांद्यापर्यंतचा. मी एकदा घालून आरशात बघितलं. कुणीतरी दुसरीच बाई माझी जागा भरायला आल्यासारखी वाटली. मी तो काढून डब्यात ठेवला.

पहिल्याच दिवशी मेट्रोत बायकांच्या डब्यात शेजारच्या बाईने प्रेमाने विचारलं, "बालाजी गई थीं क्या?"

"नहीं," मी म्हटलं. "केमो."

तिचा चेहरा पडला. आजूबाजूच्या दोघी-तिघी फोनमध्ये शिरल्या. मला वाईट वाटलं नाही. खरं तर बरं वाटलं. शब्द बोलून टाकला की तो त्यांच्याकडे गेला, आता त्याचं काय करायचं ते त्यांनी बघावं.

सरकारी नोकराला देशाबाहेर जायचं तर कार्यालयाची परवानगी लागते. माझे साहेब माणूस वाईट नाहीत, पण सावध. अर्ज समोर ठेवून म्हणाले, "मॅडम, अभी तो मेडिकल से लौटी हैं. लोग क्या सोचेंगे? बीमारी की छुट्टी, फिर फॉरेन टूर."

"सर, मेडिकल छुट्टी बीमारी की थी, वो खत्म हो गई. यह मेरी अपनी छुट्टी है, जमा की हुई."

"वो तो ठीक है. दो-चार महीने रुक जातीं."

"दो-चार महीने में वहां गर्मी आ जाएगी, सर."

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून राहिले. त्यांनी दुसरी फाईल उघडली, बंद केली, पाणी प्यायले. मग सही केली.

घरात सासूबाई काय म्हणतील याचा मला अंदाज नव्हता. त्या सगळे महिने कुणाच्याच बाजूने बोलल्या नव्हत्या. निघायच्या आठवडाभर आधी नाशिकहून त्यांच्या जाऊबाईंचा फोन आला. सासूबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो. मी स्वयंपाकघरात होते.

"सून एकटी परदेशात निघाली म्हणे," जाऊबाई म्हणाल्या. "आणि विग पण घालत नाही. अशा दिवसांत घरात बसून देवाचं काही करावं. तुम्ही सांगा तिला."

सासूबाई शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "मी कशाला सांगू? डोकं तिचं आहे. केस उगवायचे तसे उगवतील."

"अहो, पण जायची गरज काय?"

"तिला फुलं बघायचीत. इथे आम्ही बघू दिली नाहीत." मग पुढची शेंग उचलत, "आणि देवाचं मी करते आहे. त्याला दोघी कशाला लागतात?"

फोन झाल्यावर त्या आत आल्या, सोललेल्या शेंगांचं ताट ओट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "तिथे थंडी असेल. माझी शाल ने."

मी म्हटलं, "आई, तुम्हाला पटतंय का हे?"

"नाही पटत," त्या म्हणाल्या. "पण तू जा."

विमानतळावर नवरा आणि मुलगी सोडायला आले. मुलीची सहामाही परीक्षा चालू होती. नवऱ्याने बॅगेत औषधांच्या तीन पिशव्या भरल्या होत्या, प्रत्येकीवर मोठ्या अक्षरांत लिहून. आत शिरताना त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "चल, जा. भरपूर बघ." एवढं म्हणायला त्याला किती जोर लावावा लागला ते मला दिसत होतं.

मेलबर्नला उतरले तेव्हा तिथल्या कॅलेंडरप्रमाणे वसंत सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले होते, आणि पाऊस तिरपा, बोचरा पडत होता. बहिणीच्या घरी हीटर लावलेला. मी शाल गुंडाळून बसले.

"हा तुमचा वसंत?"

"कागदोपत्री," बहीण म्हणाली. "खरा यायला वेळ लागतो."

"मला वेळ आहे," मी म्हटलं.

तिच्या घरात ऊन उत्तरेच्या खिडकीतून यायचं, याची मला सवयच होईना. दुपारी सूर्य उत्तरेला. आयुष्यभर ज्या बाजूला सावली असायची तिथे मी खुर्ची टाकून उन्हात बसायची. बहीण कामावर गेली की मी आसपासच्या गल्ल्यांतून चालायची. रोज काही नवं उघडलेलं असायचं. पानं नसलेल्या झाडांवर गुलाबी-पांढऱ्या वाट्यांसारखी फुलं आली. एका कुंपणाबाहेर पिवळ्या गोंड्यांचं झाड होतं, तिथल्या लोकांचं लाडकं. मी जवळ जाऊन बघितलं तर ते चक्क बाभळीच्या कुळातलं, आपल्या माळावरच्या बाभळीसारखेच मऊ गोंडे. मी ते गालाला लावले. मातीही उकरली थोडी, बोटं आत घालून. कुणी बघत नव्हतं, आणि असतं तरी चाललं असतं.

रविवारी आम्ही दोघी एका बागेत गेलो. झाडांना फलक लावले होते की पक्ष्यांपासून सावध राहा. बहिणीने सांगितलं, इथले काळे-पांढरे पक्षी वसंतात घरटी करतात आणि जवळ येणाऱ्याच्या डोक्यावर झेपावतात. सायकलवाले हेल्मेटला काड्या लावून फिरतात. तिने मला टोपी दिली. मी ती हातात धरली होती, डोक्याला ऊन लागावं म्हणून.

पक्षी मागून आला. आधी पंखांचा आवाज, मग डोक्यावर टकदिशी चोच. बहीण ओरडली, "ताई, पळ." मी पळाले नाही. वळून उभी राहिले. तो फांदीवर बसून लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघत होता आणि पुन्हा झेपावला. मी मान वर करून त्याच्याकडे बघत राहिले. या वेळी तो केसांना घासून गेला. तिसऱ्यांदा आला नाही.

बहीण धावत येऊन माझं डोकं चाचपायला लागली. जरासं खरचटलं होतं. ती रडकुंडीला आली होती, आणि मला हसू आवरत नव्हतं. त्या सबंध वर्षात माझ्याशी दयेने न वागलेला तो पहिला जीव होता. त्याला माझ्या आजाराशी काही देणंघेणं नव्हतं. मी त्याच्या झाडाखाली आलेली एक धडधाकट, धोकादायक बाई होते.

इक्विनॉक्सच्या दिवशी मुलीचा फोन आला. "आई, आज तुझ्याकडे ऑफिशियली सुरू. मावशीला सांग, मी बरोबर होते." मागून सासूबाई विचारत होत्या, तिथे गुढी कधी उभारतात मग. मुलगी म्हणाली, "आजी, त्यांचा स्प्रिंग येतो तेव्हा आपलं नवरात्र येतं." त्यावर आजीने काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही.

महिनाअखेरीला मी परत आले. डिसेंबरमध्ये तपासण्या झाल्या. रिपोर्ट चांगला आला, म्हणजे त्यात नवीन काही सापडलं नाही. डॉक्टरांनी पुढची मोठी तपासणी थोड्या महिन्यांनी ठरवली. रुग्णालयाच्या काउंटरवरच्या मुलीने संगणकात बघून तारीख सांगितली. फेब्रुवारीतली होती, शेवटच्या आठवड्यातली.

"यह नहीं चलेगी," मी म्हटलं. "अप्रैल में दीजिए."

"मॅम, डॉक्टर ने फरवरी लिखा है."

नवरा माझ्याकडे बघत होता. मी आत जाऊन डॉक्टरांना विचारलं, काही आठवडे पुढे गेलं तर काय बिघडतं. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, मार्चच्या मध्यापर्यंत चालेल, त्यापुढे नाही. मी म्हटलं, ठीक आहे, होळीनंतर.

बाहेर येऊन मी ती तारीख घेतली. गाडीत बसल्यावर नवऱ्याने विचारलं, "मग फेब्रुवारीत काय करणार आहेस?"

"जेवायला बाहेर बसणार," मी म्हटलं. "रोज."